नकार देऊ शकणारे हात

दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्या यादीत कॉस्मेटॉलॉजी हाही एक ट्रेड असतो. मुदत एक वर्ष, पात्रता दहावी उत्तीर्ण. ज्यांना तिथे जाता येत नाही त्या खासगी क्लासची वाट धरतात. अशा क्लासमध्ये अठरा वर्षांच्या मुलीशेजारी चाळिशीची बाईही बसलेली असते. कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणाची मुले हाताशी आलेली असतात, कुणावर एकटीने घर चालवण्याची वेळ आलेली असते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीन-अप, फेशियल असे एकेक शिकत ती पुढे जाते आणि काही महिन्यांत घरातल्या पुढच्या खोलीत आपले पार्लर सुरू करते. नातेवाईक मात्र अजूनही म्हणतात, ‘चला, हातखर्चाला बरे.’

दुसऱ्याच्या त्वचेची निगा राखण्याचे काम आपल्याकडे फार जुने आहे. ते स्वतःच्या मर्जीने निवडण्याची मुभा मात्र अगदी अलीकडची आहे. निवडीच्या जोडीला आणखी एक अधिकार लागतो. जे घातक आहे ते करायला नकार देण्याचा हा अधिकार. या पेशाचा इतिहास पाहताना दोनच प्रश्न विचारावेत: हे काम कोणाला निवडता आले, आणि ते करताना कोणाला ‘नाही’ म्हणता आले?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणाच्या एकविसाव्या अध्यायात राजाच्या शरीररक्षणाचे नियम आहेत. केस कापणाऱ्यांनी आणि प्रसाधन करणाऱ्यांनी स्नान करावे, शुद्ध वस्त्रे ल्यावीत, अंतःपुराच्या अधिकाऱ्याकडून मोहोरबंद साहित्य घ्यावे आणि मगच राजाची सेवा करावी, असे तिथे सांगितले आहे. स्नानाची चूर्णे, उटणी आणि लेप सेवकांनी आधी स्वतःच्या छातीला व दंडांना लावून दाखवावेत, असाही दंडक आहे. आजच्या अभ्यासक्रमात जिला पॅच टेस्ट म्हणतात, तिचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा अवतार. स्वच्छता, मोहोरबंद साहित्य आणि आधी चाचणी ही तिन्ही तत्त्वे आजही खरी आहेत. जोखीम मात्र राजाची असून अंगावर घ्यायची सेवकाने. लेपात विष असेल तर ते आधी त्याच्या कातडीत भिनणार, आणि याला नकार देण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

महाभारताच्या विराटपर्वात द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीपुढे उभी राहते. केस विंचरणे, लेप वाटणे, माळा गुंफणे ही आपली कौशल्ये ती सांगते आणि त्यांच्या बळावर तिला अज्ञातवासात आसरा मिळतो. पुढे राणी तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी पाठवते. सैरंध्री नको म्हणते, तिचे कोणी ऐकत नाही. परक्या घरात जाऊन अंगसेवा करणाऱ्या बाईच्या वाट्याला कोणते भय येते, हे व्यासांनी तेव्हाच नोंदवून ठेवले आहे. आज बॅग खांद्याला लावून अनोळखी इमारतीतल्या सातव्या मजल्यावर जाणाऱ्या मुलीला ते भय कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याच काळाच्या आगेमागे या कामाचे शास्त्रही बांधले जात होते. चरकाने वर्ण उजळवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा त्यातलीच. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मुखलेपावर स्वतंत्र विवेचन आहे. लेपाचे तीन प्रकार, त्याच्या थराची बोटाच्या भागांत मोजलेली जाडी, आणि लावल्यानंतरचे नियम. लेप ओला आहे तोवरच चेहऱ्यावर ठेवावा, वाळला तर तो कांती बिघडवतो. काढताना आधी भिजवावा, मग काढावा आणि शेवटी तेल लावावे. सर्दी-पडसे असेल, अजीर्ण असेल, रात्रीचे जागरण झाले असेल तर लेप लावूच नये, असेही तो बजावतो. फेस पॅक कडकडीत वाळू देऊन ओढून काढणाऱ्या आजच्या कित्येक पार्लरांपेक्षा वाग्भट पुढे होता. कोणाला सेवा द्यायची नाही हे ठाऊक असणे, हा त्या ज्ञानाचा गाभा होता.

हे ज्ञान ग्रंथांत राहिले आणि काम जातीत अडकले. महाराष्ट्राच्या गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. हजामत, मालिश, लग्नकार्यातली धावपळ, गळवाला चिरा देणे अशी कामे त्याच्याकडे. मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात. गावाचे पान त्याच्यावाचून हलत नसे, तरी पंगतीत त्याची जागा जन्मानेच ठरलेली. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हायचे आणि इतरांनी त्या वस्तऱ्याला हात लावायचा नाही. ज्याला काम निवडता येत नाही त्याला ते टाकताही येत नाही. या बंधनाचा सर्वांत क्रूर भाग म्हणजे केशवपन. नवरा गेला की ब्राह्मण व तत्सम जातींतल्या विधवेचे डोके भादरायचे, आणि केस वाढतील तसे पुन्हा पुन्हा. ती बाई रडत असे आणि वस्तरा चालवणाऱ्याच्या हाताला थांबण्याची मुभा नसे.

म्हणूनच १८९० साल या पेशाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिले पाहिजे. सत्यशोधक विचारांच्या प्रेरणेने आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे जाहीर केले. विधवांच्या दुःखावर तोवर सुधारकांनी पुष्कळ लिहिले होते, व्याख्याने दिली होती, वाद घातले होते. या माणसांनी आपल्या मिळकतीचा एक भाग सोडला. वस्तरा त्यांच्या हातात होता, तो खाली ठेवण्याचा निर्णयही त्यांनीच घेतला. ज्यांना समाजाने खालच्या पायरीवर बसवले होते, त्यांनी वरच्या पायरीवरच्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहून दाखवले. सौंदर्याच्या आणि केसांच्या धंद्यातल्या माणसाला सामाजिक विवेक असतो आणि तो कृतीत आणता येतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

स्त्रियांकडे असलेले ज्ञान या सगळ्या काळात घराच्या उंबऱ्याआड राहिले. दिवाळीचे उटणे, लग्नाची हळद, बाळंतिणीला तेल लावणे, शिकेकाई, आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा यांचे प्रमाण आजीला तोंडपाठ असे. त्यावर कोणी दाम मोजत नसे, कारण तो व्यवसाय मानलाच जात नव्हता. विसाव्या शतकात चित्र बदलू लागले. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि देशी प्रसाधने दुकानात आली. मुंबई-कोलकात्यात चिनी वंशाच्या स्त्रियांनी चालवलेली पार्लरे होती. सुखवस्तू बायका तिथे जात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहनाझ हुसेन यांनी दिल्लीत राहत्या घरातून वनौषधींवर आधारित सेवा सुरू केली आणि घरातून धंदा उभा राहतो हे दाखवले. पुढच्या दोन दशकांत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावापर्यंत ‘लेडीज ब्युटी पार्लर’च्या पाट्या लागल्या. सर्व जातींच्या स्त्रिया या कामात आल्या. वस्तऱ्याला शिवणे ज्यांच्या घरात कमीपणाचे होते, त्या घरातल्या सुनांनी थ्रेडिंगचा दोरा हातात घेतला आणि संसार सावरले. जातीच्या भिंतीला पडलेले हे भगदाड मोठे आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या हे कसब जपणाऱ्या नाभिक समाजाला त्या नव्या प्रतिष्ठेचा वाटा किती मिळाला, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवे.

दरवाजे एकदम उघडले नाहीत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मेकअप करणाऱ्यांच्या आणि केशरचनाकारांच्या संघटनेने तब्बल ५९ वर्षे स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचे कार्ड दिले नाही. बाईने केस विंचरावेत, चेहरा पुरुषाने रंगवावा, अशी वाटणी. प्रशिक्षित असलेल्या चारू खुराना यांनी दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही रद्द झाली. एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक अर्धे सरत आले, तेव्हा कुठे एका स्त्रीला या शहरात तिने शिकलेले काम करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. ‘पार्लरचा कोर्स’ करणाऱ्या प्रत्येकीला हा निकाल ठाऊक असायला हवा.

स्वतःचे गिऱ्हाईक असलेल्या बाईचे बळ किती असते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर १९५७ च्या जानेवारीत कृष्णवर्णीय प्रौढांसाठी पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. मतदार नोंदणीसाठी लिहिता-वाचता यावे, हा तिचा हेतू. शाळेच्या आयोजकांपैकी सेप्टिमा क्लार्क यांनी शिकवण्यासाठी निवड केली बर्निस रॉबिन्सन या ब्युटिशियनची. शाळेतले शिक्षक सरकारी पगारावर होते, त्यांना काढून टाकणे सोपे होते. रॉबिन्सन यांची गिऱ्हाइके त्यांच्याच समाजातल्या बायका होत्या, त्यामुळे गोऱ्या मालकांच्या धाकाला भिण्याचे त्यांना कारण नव्हते. त्या शाळेतून पुढे दक्षिणेत अशा शाळांचे जाळे पसरले.

आता आपल्या वर्तमानाकडे येऊ. आज या पेशात शिरणारी स्त्री जातीने बांधलेली नाही. तिला बांधणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातली पहिली आहे गोरेपणाचा बाजार. १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला. गिऱ्हाइकाच्या मनातला गेला नाही. ‘आठ दिवसांत उजळ करून दे, लग्न आहे,’ ही मागणी प्रत्येक पार्लरमध्ये येते. त्या मागणीपोटी लेबल नसलेल्या डब्यांतली क्रीम विकली जाते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातली एक तरुणी, तिची आई आणि बहीण यांना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली. त्या वापरत असलेली क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली होती, आणि मुंबईत तपासणी झाली तेव्हा तिच्यात पारा निघाला. पारा त्वचेतले रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो म्हणून रंग उजळल्यासारखा दिसतो. तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंड निकामी करू शकतो. कायद्याने क्रीममध्ये अनावधानाने राहिलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. स्टेरॉइडयुक्त मलमांची कथा अशीच. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते आणि मलम सोडवत नाही. २०१८ पासून ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ती पार्लरच्या कपाटात असण्याचे कारण नाही.

दुसरे बंधन अज्ञानाचे, आणि ते शिकवणाऱ्यांनी लादलेले आहे. कित्येक क्लासमध्ये हात कसा फिरवायचा ते शिकवतात, कधी फिरवायचा नाही हे शिकवत नाहीत. मुरुमांसाठी रेटिनॉइडचे मलम किंवा गोळ्या चालू असलेल्या मुलीला वॅक्स केले तर कातडी सोलून निघते. म्हणून वॅक्सची पट्टी लावण्याआधी ‘त्वचेच्या डॉक्टरांचे काही चालू आहे का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एकदा त्वचेला लागलेला स्पॅच्युला पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडवायचा नाही. थ्रेडिंगचा दोरा प्रत्येकीसाठी नवा घ्यायचा. केसांच्या रंगाची आणि काळ्या मेंदीची चाचणी आधी करायची. पांढरट वा तांबूस चकंदळ दिसले तर फेशियल न करता डॉक्टरांकडे पाठवायचे. सुई टोचण्याचे काम आपले नाही हे ओळखायचे.

तिसरी गोष्ट काम करणारीच्या स्वतःच्या शरीराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली केशकर्तन व्यवसायातल्या रसायनांच्या संपर्काला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात कायम ठेवले. केस सरळ करण्याची काही द्रावणे तापवली की फॉर्मल्डिहाइड वायू सोडतात, आणि तो दिवसभर श्वासात घेते ती काम करणारी. हाताला इसब, मानेचा व पाठीचा त्रास या तक्रारी या धंद्यात नेहमीच्या. राजाचा लेप आधी सेवकाच्या दंडाला लावण्याचा काळ संपला, असे म्हणण्यापूर्वी बिनखिडकीच्या दहा बाय दहाच्या पार्लरात एकदा उभे राहून पाहावे. ॲपवरून काम घेणाऱ्या मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीसाठी काम करणाऱ्या ब्युटिशियन स्त्रिया गुरुग्रामला कंपनीच्या कचेरीबाहेर धरणे धरून बसल्या. कमिशन, काम नाकारल्यावर होणारी कारवाई, रात्रीच्या वेळची सुरक्षितता हे त्यांचे मुद्दे होते. काम नाकारले की गुण घटणार असतील, तर नकाराचा अधिकार कागदावरच राहतो.

मग उपाय काय? डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांच्या नोंदणीसाठी आपल्याकडे परिषदा आहेत. त्वचेवर रोज रसायने लावणाऱ्या या पेशासाठी अशी परिषद नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली राज्ये आहेत. तिथे परवाना सक्तीचा असतो, आणि कधीकधी त्याचा अतिरेक होतो. टेक्सासमध्ये फक्त दोऱ्याने भुवया कोरणाऱ्यांनाही ७५० तासांचा संपूर्ण अभ्यासक्रम सक्तीचा केला होता. हे कसब तिथे नेणाऱ्यांत दक्षिण आशियाई लोक पुष्कळ, आणि आशिष पटेल व इतरांनी न्यायालयात धाव घेतली. २६ जून २०१५ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली; त्या ७५० तासांपैकी सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंधच नव्हता. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. नियम हवेत, आणि ते कामाच्या जोखमीला धरून हवेत. थ्रेडिंगसाठी स्वच्छतेचे थोडे तास पुरतील. केमिकल पील, स्मूदनिंग, रंग यांसाठी सखोल शिक्षण आणि परीक्षा लागेल. गरीब घरातल्या बाईचा रस्ता फीच्या ओझ्याने बंद होता कामा नये, म्हणून हे शिक्षण आयटीआय आणि सरकारी कौशल्य केंद्रांतून सायंकाळच्या वर्गांत द्यावे.

हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. २८ जून २०२० रोजी टाळेबंदीनंतर राज्यातली सलून आणि पार्लरे उघडली, तेव्हा सरकारने केस कापणे, रंग, वॅक्सिंग, थ्रेडिंग यांनाच परवानगी दिली आणि त्वचेच्या सेवा थांबवून ठेवल्या. हातमोजे, ॲप्रन, एकदाच वापरायचे टॉवेल, प्रत्येक सेवेनंतर साहित्याचे निर्जंतुकीकरण सक्तीचे केले. छोट्या छोट्या पार्लरांनी हे नियम पाळायला घेतले. जोखीम ओळखून सेवांची वर्गवारी करणे राज्याला जमते, हे तेव्हा सिद्ध झाले. साथीच्या भीतीने केले ते आता शहाणपणाने कायम करावे. त्याला जोड हवी ती काम करणाऱ्या स्त्रियांच्या नोंदणीची, आरोग्य विम्याची आणि ॲपवर काम नाकारल्याबद्दल शिक्षा न होण्याच्या हमीची. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार ही वर्गवारी कायद्यात आणली आहे. तिचा लाभ या स्त्रियांपर्यंत पोचवणे हे राज्याचे काम आहे.

आणि जी स्त्री यंदा हा पेशा सुरू करते आहे तिला सांगणे एवढेच. क्लास निवडताना तिथे कोणत्या कंपनीचे किट मिळते हे विचारण्याआधी त्वचेची रचना, संसर्ग आणि रसायने कोण शिकवते हे विचारा. लेबल नसलेला डबा घेऊ नका. प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंदवही ठेवा. अंगाला घातक ठरेल असे काम कोणी कितीही पैसे देऊन मागितले, तरी नाही म्हणा. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी मिळकत सोडून हाच नकार दिला होता. तुम्ही त्यांच्या पेशाच्या वारसदार आहात.